गोळी किती दिवस, ते कार्डावर नव्हतं

सांगलीत विश्रामबागेला आमचं मेडिकल आहे. संध्याकाळच्या गर्दीत तासगावकडचे एक बागायतदार आले आणि घड्या पडून फाटायला आलेलं डिस्चार्ज कार्ड काउंटरवर ठेवलं. "ताई, आईच्या ऑपरेशनच्या गोळ्या. मागच्यासारखीच तीन पाकिटं."

गुडघा बदलल्याला पाच आठवडे झाले होते. ट्रामाडॉल आणि पॅरासिटामॉलची एकत्र गोळी, दिवसातून तीनदा. किती दिवस, ते कुठंच लिहिलेलं नाही. मागच्या बाजूला दोन वेगवेगळ्या दुकानांचे शिक्के.

ट्रामाडॉल अफूसारखं काम करणारं औषध. 2014पासून ते शेड्यूल एच-वनमध्ये, म्हणजे चिठ्ठीशिवाय न विकायच्या आणि नोंद ठेवायच्या औषधांच्या यादीत आहे, 2018मध्ये अमली पदार्थांच्या कायद्याखालीही आलं. विकलं की रुग्णाचं नाव, डॉक्टरांचं नाव, नग, सगळं वेगळ्या रजिस्टरला चढवायचं आणि ते तीन वर्षं जपायचं. डॉक्टरांनी तसं लिहिलेलं नसेल तर त्याच चिठ्ठीवर पुन्हा द्यायचं नाही.

विचारलं, "आईंचं कसं आहे?"

"दुखणं कमी आहे. पण दिवसभर झोपूनच असती. चार दिवस पोट साफ नाही. परवा बाथरूमला जाताना चक्कर येऊन पडता पडता वाचली. वय झालं आता. इसबगोलपण द्या."

वय नव्हे, गोळीच असणार, असं मला वाटलं. बाकीची औषधं विचारली तर त्यांनी मोबाईलवर फोटो दाखवला. त्यात एस्सिटालोप्राम, नैराश्यावरची गोळी! ट्रामाडॉलबरोबर ते चालू असलं की मेंदूतलं सेरोटोनिन हे रसायन घातक प्रमाणात वाढू शकतं, फिटचे झटके येण्याचा धोकाही वाढतो. हे कार्डावर कुणी विचारलेलंच दिसत नव्हतं.

मी तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. पाच दिवस घ्या असं तोंडी सांगितलं होतं, म्हणाले. पण डिस्चार्जच्या धांदलीत तोंडी सांगितलेलं कोण लक्षात ठेवणार? इतके आठवडे घेतलेली गोळी एकदम तोडायची नाही, म्हणून घरी उरलेल्यातली रात्री एकच द्यायची आणि सकाळी आईंना घेऊन यायचं, असं ठरलं. इसबगोल त्यांनी नको म्हटलं. अशा बद्धकोष्ठात, त्यात पाणी कमी पीत असतील तर, ते आतच साचतं. पोट साफ करणारं लॅक्टुलोज द्यायला सांगितलं.

म्हाताऱ्या माणसाला कळा सोसायला लावा, असं मी कधीच म्हणणार नाही. दुखणं आवरलं नाही तर फिजिओथेरपीत गुडघा वाकत नाही. पण त्यासाठी आधी ठरल्या वेळी साधं पॅरासिटामॉल, बर्फाचा शेक, आणि तरीही झोप लागत नसेल तर मोजक्या दिवसांपुरतं ट्रामाडॉल, हा क्रम हवा.

त्या डॉक्टरांच्या कार्डावर आता गोळ्यांची संख्या अंकी आणि अक्षरी असते, शेवटची तारीख असते आणि खाली 'पुन्हा देऊ नये' असतं. बाकीच्या दवाखान्यांतून अजून दिवस न लिहिलेली कार्डं येतात. तिथं मी फोन करते. काहीजण वैतागतात. तरी दिवस विचारून घेते, चिठ्ठी दुरुस्त करून मागवते आणि मगच पाकीट काउंटरवर ठेवते.