आमची वाटचाल : दूरच्या प्रतीचे राखणदार

ग्राहकांच्या डेटाची बॅकअप प्रत दूरच्या सर्व्हरवर राखण्याचा आमचा व्यवसाय दोन भागीदारांनी एका जुन्या सर्व्हरवर आणि आरसिंक या दोन ठिकाणच्या फाइली जुळवून ठेवणाऱ्या प्रोग्रामच्या भरवशावर सुरू केला. १९९६ साली अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरस यांनी आणलेल्या या साधनाचे आमच्यावर मोठे ऋण आहे, कारण दोन्ही टोकांचे चेकसम, म्हणजे डेटावरून काढलेले ताळ्याचे आकडे, ताडून फक्त बदललेला भाग पाठवण्याची त्याची युक्ती नसती, तर तेव्हाच्या लाइनवर हे काम पेललेच नसते. १० मेगाबिटच्या लाइनवरून १ टेराबाइट डेटा जायला सलग ९ दिवसांहून अधिक लागतात. म्हणून पहिली पूर्ण प्रत माझे भागीदार एन्क्रिप्ट केलेल्या डिस्कवर स्वतः घेऊन जात. निघण्यापूर्वी ते डिस्कचा सिरियल नंबर वहीत उतरवत आणि पोहोचल्यावर तोच नंबर फोनवरून मला वाचून दाखवत. ती वही मी अजून जपून ठेवली आहे.

एका रात्री आमच्या सर्वांत जुन्या ग्राहक असलेल्या वास्तुविशारद बाईंचा सर्व्हर रीस्टार्ट झाला आणि त्याची डेटा डिस्क माउंट झालीच नाही, म्हणजे यंत्रणेला जोडली गेलीच नाही. डिस्क जिथे दिसायची त्या माउंट पॉइंटच्या जागी उरले ते एक रिकामे फोल्डर. आमच्या स्क्रिप्टमध्ये डिलीटचा पर्याय, म्हणजे स्रोतात नसलेल्या फाइली दूरच्या प्रतीतूनही खोडण्याचा, चालू होता. स्रोत वाचताना त्रुटी आली असती तर आरसिंकने खोडण्याचे काम आपणहून थांबवले असते, पण रिकामे फोल्डर ही त्रुटी नव्हे. त्याने दूरची सगळी प्रत इमानाने खोडली आणि लॉगमध्ये काम यशस्वी झाल्याची नोंद केली. सकाळी कळले की मूळ डिस्कही कायमची गेली आहे. भागीदारांनी सुरुवातीची ती डिस्क पुसून पुन्हा वापरात घेतली नव्हती, एवढ्यावर आम्ही तरलो. मधल्या ३ महिन्यांचे नकाशे बाईंच्या कार्यालयाला ईमेलमधून गोळा करावे लागले.

त्याच आठवड्यात एक प्रतिस्पर्धी आमच्या प्रत्येक ग्राहकाकडे जाऊन आला. आमची चूक त्याने तिखटमीठ लावून सांगितली आणि तत्क्षणी होणारे रेप्लिकेशन, म्हणजे प्रत्येक बदल लगेच दुसऱ्या प्रतीत उतरवणे, हाच बॅकअप, असे सांगून निम्मे ग्राहक नेले. तत्क्षणी प्रत होते तेव्हा खोडणेही तत्क्षणी पोहोचते आणि रॅन्समवेअरने, म्हणजे खंडणीसाठी सोडलेल्या घातक प्रोग्रामने, कुलूपबंद केलेल्या फाइलीही, हे त्याने कोणालाच सांगितले नाही. आमच्याकडून गेलेल्या एका ग्राहकाच्या दोन्ही प्रती पुढे अशाच गेल्या. त्याची वाच्यता मात्र कुठे झाली नाही. हे मला आजही लागते.

आम्ही सगळी मांडणी बदलली. आता दूरचा सर्व्हर स्वतः डेटा ओढून घेतो, त्याचे पासवर्ड ग्राहकाच्या यंत्रावर नसतात, आणि प्रत्येक फेरीनंतर झेडएफएस या फाइल सिस्टिमचा स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणीच्या डेटाची न बदलणारी नोंद, घेतला जातो. स्रोतावर ठरलेली खुणेची फाइल दिसली नाही तर काम सुरूच होत नाही. या व्यवसायात नव्याने उतरणाऱ्यांनी एका फेरीत खोडल्या जाणाऱ्या फाइलींच्या संख्येवर मर्यादा घालावीच, आणि रोजच्या फरकाचा आकार स्वतः पाहावा. तो एकाएकी फुगला किंवा शून्यावर आला, तर ग्राहकाला त्याच क्षणी फोन करावा.

पुढची वर्षे सुरळीत गेली.

बाई आम्हांला सोडून गेल्या नाहीत. त्यांनी एकच अट घातली : दर महिन्याला त्या स्वतः एक फाइल निवडतील आणि आम्ही ती दूरच्या प्रतीतून काढून द्यायची. गेल्या महिन्यात त्यांनी एका जिन्याच्या नकाशाची दोन आवृत्त्यांपूर्वीची फाइल मागितली. ती ११ मिनिटांत त्यांच्या पडद्यावर उघडली, आणि कठड्याचे माप जुळवून पाहिल्यावरच त्यांनी फोन ठेवला.