टोकियोच्या तळघरांतलं पोस्ट-रॉक: फेरीचा वृत्तांत आणि पुढे जाणाऱ्यांसाठी सूचना

जपानी वाद्यप्रधान पोस्ट-रॉकची ओळख बहुतेकांना त्याच्या दणदणाटामुळे होते. दोन गिटार, बेस, ड्रम, गायक नाही, आणि दहा-बारा मिनिटांच्या रचनेच्या शेवटी छातीत जाणवणारा आवाज. पण टोकियोपर्यंत जाऊन ऐकण्यासारखा आहे तो हळू, म्हणजे अगदी हलक्या आवाजाचा भाग. घरच्या रेकॉर्डिंगवर तो अर्धाच पोचतो, कारण वर पंखा फिरत असतो आणि खाली रस्ता वाहत असतो. तिथल्या छोट्या सभागृहात मात्र एका गिटारचे दोन-तीन स्वर वाजत असताना अडीचशे-तीनशे माणसं न हलता उभी असतात. म्हणून तिकीट, राहण्याची जागा, दिवसभराचं फिरणं, उभं राहायचा कोपरा, सगळं एकाच हिशेबानं ठरवावं: संध्याकाळी सात वाजता कान ताजे असले पाहिजेत.

आधी तारीख, मग विमान

मोनो हा १९९९ मध्ये टोकियोत सुरू झालेला बँड या संगीताचा सर्वांत परिचित चेहरा आहे, पण वर्षाचा बराच काळ तो युरोप-अमेरिकेच्या दौऱ्यांवर असतो. ‘टोकियोत गेलो की मोनो ऐकू’ असं धरून चाललं तर हमखास चुकामूक होते. टो, लाइट आणि माउस ऑन द कीज या बँडचे कार्यक्रम शहरात होतात, तेही महिनोन् महिने आधी जाहीर होऊन. बँडच्या पानावर तारीख पक्की दिसली की मगच विमानाचं तिकीट काढावं. एकाच बँडची मैफल असेल तर तिला ‘वन-मॅन’ म्हणतात. तीन-चार बँड एकापाठोपाठ वाजवतात ती ‘ताइबान’. पहिल्यांदा जाणाऱ्यानं निदान एक ताइबान धरावीच. प्रत्येक बँडला साधारण ३० ते ४० मिनिटं मिळतात आणि नावही न ऐकलेले वादक कानी पडतात.

तिकिटात बहुतेक परदेशी लोक अडकतात, म्हणून इथे जरा सविस्तर. मोठ्या तिकीट सेवांच्या जपानी पानांवर नोंदणीला बऱ्याचदा जपानी मोबाइल क्रमांक लागतो, त्यावर एसएमएसनं संकेतांक येतो. पर्यटकांना मिळणारं ई-सिम बहुधा फक्त डेटाचं असतं; त्याला क्रमांकच नसतो, त्यामुळे सगळी माहिती भरून झाल्यावर शेवटच्या पायरीवर गाडी थांबते. यावर तीन वाटा आहेत. ज्या सेवा इंग्रजी पान चालवतात आणि परदेशी कार्ड घेतात, तिथे आधी पाहावं. छोट्या सभागृहांत ‘तोरिओकि’ चालतं: बँडला किंवा सभागृहाला फॉर्मनं, ईमेलनं नाव, संख्या आणि तारीख कळवायची, दारात नाव सांगून आगाऊ दरात पैसे द्यायचे. तिसरी वाट ‘तोजित्सु-केन’, म्हणजे त्याच दिवशी दारावरचं तिकीट. ते साधारण ५०० येननं महाग पडतं आणि सगळी तिकिटं आधीच संपली असतील तर मिळतच नाही. चढ्या भावानं फेरविक्री करणाऱ्यांकडे मात्र जाऊ नये. जून २०१९ पासून जपानमध्ये त्याविरुद्ध कायदा आहे आणि दारावर नाव जुळलं नाही तर आत न सोडण्याची शक्यता असते.

दर साधारण असे धरावेत: ताइबानला ३,००० ते ४,५०० येन, नावाजलेल्या बँडच्या वन-मॅनला ५,००० ते ८,००० येन. याखेरीज दारात पेयाचे ५०० किंवा ६०० येन वेगळे आणि सक्तीचे. ते बहुधा रोख घेतात, म्हणून ५०० आणि १०० येनची नाणी खिशात वेगळी ठेवावीत.

कुठे राहावं, कुठे जावं

या संगीताची बहुतेक सभागृहं शिबुया स्थानकाच्या आसपास किंवा तिथून निघणाऱ्या इनोकाशिरा मार्गावर आहेत. शिबुयाहून एक्सप्रेस गाडीचा पहिलाच थांबा शिमोकिताझावा. तिथलं शेल्टर १९९१ पासून चालू आहे: तळघर, छत खाली, सुमारे २५० माणसं. पुढचं स्थानक शिनदाइता. तिथे फीव्हर आहे, २००९ मध्ये सुरू झालेलं, सुमारे ३०० माणसांचं, स्थानकाबाहेर रुंद रस्ता ओलांडला की समोर. एक काळजी घ्यायची: शिनदाइताला एक्सप्रेस थांबत नाही. चुकून तीत बसलं तर गाडी थेट मेइदाइमाएला नेते. शिबुयाहून साधी गाडी धरायची, पाचवा थांबा.

शिबुयातच डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू नावाचं सभागृह आहे. पूर्वी तिथे चित्रपटगृह होतं, त्यामुळे जमीन पायऱ्यापायऱ्यांनी उतरत जाते. उंची कमी असणाऱ्यांसाठी याहून सोयीची जागा नाही. मधल्या पायरीवरून मंचही दिसतो आणि आवाजही तोलून मिळतो. क्लब क्वात्रो १९८८ चा, आवाज उत्तम, पण प्रेक्षागृहात एक जाडजूड खांब आहे. उशिरा आत गेलं की नेमकी त्यामागची जागा वाट्याला येते. एबिसूचं लिक्विडरूम या सगळ्यांत मोठं आणि सुटसुटीत. मोठ्या आवाजासाठी लिक्विडरूम आणि हळू आवाजासाठी फीव्हर, अशी आमची पसंती.

मराठी मंडळी टोकियोत ओळखीच्यांकडे उतरतात ती बहुधा निशी-कासाईत, कारण भारतीयांची मोठी वस्ती तिथे आहे. परतीला शिबुयाहून हान्झोमोन मार्गानं ओतेमाची, तिथून तोझाई मार्ग. या मार्गावरची रॅपिड गाडी निशी-कासाईला थांबत नाही, हे लक्षात ठेवावं. कार्यक्रम सहसा साडेनऊ-दहापर्यंत संपतो आणि शेवटच्या गाड्या मध्यरात्रीच्या सुमारास असतात. म्हणजे वेळ पुरतो, पण मैफलीनंतर शिमोकिताझावात जेवायला बसणार असाल तर गाडीची वेळ आधीच बघून ठेवा.

दिवस कान राखून घालवणं

दुपारी शिबुयात फिरताना कानांवर सतत मारा होतो: पाचिंको या जुगारी खेळाची दालनं, मोठे पडदे, जाहिरातींच्या गाड्या. त्यापेक्षा दोन-तीन तास शिमोकिताझावात डिस्क युनियन या रेकॉर्डच्या दुकानात काढावेत. जुन्या सीडी स्वस्त, स्वच्छ आणि वेष्टनाभोवतीच्या कागदी पट्टीसकट मिळतात. या संगीतासाठी आम्ही तबकडीपेक्षा सीडीच सुचवू. मोनोच्या २००९ च्या ‘हिम टू द इमॉर्टल विंड’ची सुरुवात घंटिकांच्या नाजूक स्वरांनी होते, तबकडीवर सुईची खरखर नेमकी अशाच जागी वर येते. जाता जाता आणखी एक: मोहापायी तिथला सीडी प्लेअर उचलू नका. जपानचा वीजपुरवठा १०० व्होल्टचा, आपला २३०. ट्रान्सफॉर्मरशिवाय जोडला की यंत्र जळतं.

बसून ऐकायचं असेल तर शिबुयाच्या चढावर १९२६ मध्ये सुरू झालेलं ‘लायन’ हे कॉफीगृह आहे. तिथे पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत लावतात, सगळ्या खुर्च्या भव्य ध्वनिवर्धकांकडे तोंड करून, बोलायला आणि फोटो काढायला मनाई. पोस्ट-रॉक तिथे वाजत नाही. पण संध्याकाळच्या हळू भागासाठी कान तयार करायला एक कॉफी आणि एक तास पुरे.

दारापासून मंचापर्यंत

जाहिरातीत दोन वेळा असतात: दार उघडण्याची आणि सुरू होण्याची. मध्ये अर्धा ते एक तास. कार्यक्रम वेळेवर सुरू होतो. ‘सातचं साडेसातला’ हा हिशेब इथे करू नये. तिकिटावर प्रवेशाचा क्रमांक असतो आणि कर्मचारी बाहेर उभं राहून एकेक आकडा जपानीत पुकारतात. आपला आकडा कसा उच्चारतात ते आधी शिकून घ्यावं, नाहीतर मोबाइलवरचा क्रमांक शेजारच्याला दाखवावा. लोक आपणहून तुम्हाला पुढे करतात. आकडा हुकला तरी प्रवेश जात नाही, फक्त रांगेतली जागा जाते.

ताइबानला दारात विचारतात, ‘ओमेआते वा?’ म्हणजे तुम्ही कोणाला ऐकायला आलात. उत्तर द्यायचं, एका बँडचं नाव घ्यायचं. कोणामुळे किती माणसं आली यावर त्या बँडचा हिशेब ठरतो, म्हणून ‘सगळ्यांनाच’ म्हणण्यात छोट्या बँडचं नुकसान आहे.

पाठपिशवी आणि दुकानातल्या प्लास्टिकच्या पिशव्या लॉकरमध्ये टाकाव्यात. लॉकर थोडेच असतात आणि लवकर भरतात. १०० येनची नाणी लागतात. स्थानकावरचा लॉकर अधिक भरवशाचा. पेयाचं कूपन घेऊन बर्फाचा ग्लास घेऊ नका, बाटलीबंद पाणी घ्या. बर्फाची किणकिण हळू भागात दहा फुटांवर ऐकू जाते, बाटलीला झाकण असतं आणि ती खिशात राहते. फोन नुसता कंपनावर नको, बंदच करावा. बहुतेक ठिकाणी फोटोला मनाई असते आणि जपानमध्ये विकलेल्या फोनच्या कॅमेऱ्याचा ‘खट्’ आवाज बंदही करता येत नाही.

उभं कुठे राहायचं, याला एक सरळ उत्तर आहे: ध्वनिनियंत्रकाच्या मेजाच्या किंचित पुढे, मध्यरेषेवर. तो माणूस ज्या जागी बसून आवाज जुळवतो, तिथलाच तोल तुम्हाला मिळतो. लहान तळघरात पहिल्या रांगेचा मोह होतो, पण तिथे गिटारच्या अँप्लिफायरचा आवाज थेट अंगावर येतो आणि मोठ्या ध्वनिवर्धकांचा वरून निघून जातो. डावीकडे उभं राहिलं तर डावं गिटारच ऐकू येतं. टोच्या संगीतात तर हे फारच खटकतं, कारण दोन स्वच्छ गिटारी एकमेकींत विणलेल्या असतात आणि ताकाशी काशिकुरा यांचे ड्रमवरचे बारीक, जेमतेम स्पर्श केलेले ठोके हाच त्यातला अर्धा आनंद असतो. कोपऱ्यात आणि मागच्या भिंतीला टेकून बेस फुगतो, बाकी सगळं चिखलात जातं. मोठ्या ध्वनिवर्धकापासून निदान चार-पाच मीटर लांब राहावं.

कानातले बोळे

हे ऐच्छिक नाही. ८५ डेसिबल आवाज आठ तास सोसवतो असं धरलं, तर दर ३ डेसिबल वाढीला तो वेळ निम्मा होतो. १०० डेसिबलला उरतात १५ मिनिटं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ मध्ये सभागृहांसाठी जी कमाल मर्यादा सुचवली तीही १५ मिनिटांच्या सरासरीला १०० डेसिबल. आणि मैफल असते दीड तासाची.

औषधांच्या दुकानात ‘मिमिसेन’ मागितलं की फोमचे बोळे मिळतात. ते ३० डेसिबलच्या आसपास आवाज कापतात, पण वरच्या पट्ट्या जास्त कापतात. झांजा आणि गिटारची चमक जाते, उरतो तो गुरगुरणारा बेस. संगीतासाठी बनवलेले, गाळणी बसवलेले, १५ ते २० डेसिबलचे बोळे भारतातूनच घेऊन जावेत. फोमचेच वापरायचे झाले तर ते आधी बोटांत वळून बारीक करावेत, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर-मागे ओढावा, बोळा आत सारून अर्धा मिनिट दाबून धरावा. बाहेर लोंबणारा बोळा काहीच करत नाही.

बोळे सभागृहात शिरतानाच घालावेत. सर्वांत मोठी चूक होते ती मध्येच: हळू भाग आला की नीट ऐकू यावं म्हणून लोक बोळे काढतात. मोनो आवाज पायरीपायरीनं चढवतो, तिथे सावरायला वेळ मिळतो. लाइटसारखा बँड मात्र एका ठोक्यात वर जातो. खरं तर चांगल्या बोळ्यांतून हळू भागही ऐकू येतो, कारण बाकी सभागृह शांत असतं. कानांना थोडा वेळ द्यावा, तेवढं पुरतं. विलंबितात रमलेल्या कानांना हे सोपं जावं.

रचना संपली असं वाटताच टाळी वाजवू नये. शेवटचा स्वर आणि त्यामागची अँप्लिफायरची गुणगुण विरेपर्यंत तिथले श्रोते थांबतात. मोनोचे वादक मंचावर बहुधा बोलत नाहीत, गिटारवादक ताकाआकिरा गोतो तर खुर्चीत बसून वाजवतात, त्यामुळे मधल्या रिकाम्या क्षणांनाही कार्यक्रमाचाच भाग मानावं. ओरडून दाद देऊ नये.

दोन मोठ्या आवाजाच्या मैफली सलग रात्री ठेवू नका. रात्री कानात शीळ वाजत असेल तर कान थकले आहेत. दुसऱ्या दिवशी हेडफोनही नकोत.

निघण्याआधी घरी

जायच्या आधी महिनाभर ऐकायचं ठरवलंत तर फोनमधल्या अॅपचं आवाज समान करण्याचं सेटिंग बंद करा, नाहीतर निदान ‘मोठा’ हा पर्याय तरी निवडू नका. तो शिखरं दाबतो आणि चढावाचा अर्थच जातो. आवाज ठरवताना रचनेतला सर्वांत जोरकस भाग लावून तो सुखकर वाटेल इथे बटण आणा, मग सुरुवातीपासून ऐका आणि पुन्हा हात लावू नका. हळू भागाला धरून बटण ठरवलं की दहाव्या मिनिटाला कान दुखतात. लोकलमध्ये हे संगीत ऐकू नये; पहिली तीन मिनिटं गाडीच्या खडखडाटात बुडतात. टोचा २००५ चा पहिला अल्बम आणि मोनोचा वर सांगितलेला, एवढे दोन रात्री दिवे मालवून पूर्ण ऐकले तरी तयारी झाली.

मैफलीनंतर दाराशी ‘बुप्पान’चं मेज असतं, तिथे सीडी आणि टी-शर्ट मिळतात. छोट्या बँडचे वादक स्वतःच मेजामागे उभे असतात. रोख ठेवा, टी-शर्ट एक माप मोठा घ्या, आणि ज्याचं नाव दारात सांगितलं होतं त्याच्याकडूनच पहिली सीडी घ्या.