मॉनिटर आहेच, मग लीडरही करा की!

दरवर्षी जुलैत स्काऊटच्या पथकात नवी मुलं घेतली की आठवडाभरात शाळेच्या गेटजवळ मला कुणीतरी गाठतंच. गाडी चालूच असते, एक पाय जमिनीवर टेकलेला. "सर, आमचा वर्गात मॉनिटर हाय. इकडं बी त्यालाच लीडर करा की." कुणी पुढं विचारतं, याचे दहावीला वाढीव गुण मिळतात का. तो वेगळा विषय. पण एखादा गाडी बंद करतो आणि खरंच विचारतो, "मॉनिटर आन् ह्यो तुमचा लीडर, फरक काय ओ दोघांत?" गेटवर मी "बसून सांगतो कधीतरी" म्हणत वेळ मारून नेतो. तुमचाही मुलगा मॉनिटर आहे आणि तुम्हीही हेच विचारलंत, म्हणून आज बसून सांगतो.

आधी मॉनिटरचं. मी स्वतः सहावीत मॉनिटर होतो. गुरुजी ऑफिसात गेले की खडू माझ्या हातात. फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात 'बोलणारी मुले' असं मथळ्यासारखं लिहायचं, खाली नावं, आणि पुन्हा बोलला की नावापुढं फुली. हरभऱ्याच्या दिवसांत माझा दर ठरलेला होता. हिरव्या घाट्यांसकट उपटलेल्या हरभऱ्याच्या एका ढाळ्याला एक फुली पुसायची, दोन ढाळ्यांना अख्खं नाव. गुरुजी परत आले की फळा बघून छडी काढायचे आणि मी हरभऱ्यानं आंबलेले हात चड्डीला पुसत उभा. मॉनिटर म्हणजे गुरुजींचा वर्गातला डोळा. साठ पोरांच्या वर्गात असा डोळा लागतोच, मी त्याला नावं ठेवत नाही. फक्त त्या डोळ्याचं तोंड कायम गुरुजींकडं असतं, एवढंच लक्षात ठेवा.

आता आमच्याकडची रचना. सहा ते आठ मुलांचा एक संघ. इंग्रजीत त्याला पेट्रोल म्हणतात, त्यावरून दरवर्षी "सर, डिझेल कुठाय?" हा विनोद एकदा होतोच. असे चार संघ मिळून पथक, म्हणजे जास्तीत जास्त बत्तीस मुलं. संघाचं नाव प्राण्याचं किंवा पक्ष्याचं. आमच्याकडं वाघ, मोर, गरुड आणि घोडा आहेत. लांडगा मी सुचवला होता, पण निम्म्या पोरांच्या घरी मेंढरं आणि शेरडं, कुणी हात लावायला तयार नाही. संघात एक संघनायक, म्हणजे गेटवर विचारतात तो लीडर, ज्याच्या शर्टाच्या डाव्या खिशावर दोन हिरव्या पट्ट्या. एक उपसंघनायक, त्याला एक पट्टी. बाकीच्यांनाही काम असतं. भांडारी भांडीकुंडी, दोर, काठ्या मोजून घेतो आणि मोजून परत देतो. कुणी वर्गणीचा हिशोब ठेवतो, कुणी वही लिहितो, कुणाकडं प्रथमोपचाराची पेटी. बिनकामाचा संघात कुणी नाही.

हे काही भारतात सुचलेलं नाही. स्काऊटची सुरुवात करणारे बेडन-पॉवेल हे ब्रिटिश फौजेतले अधिकारी. १८९९-१९०० मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या माफेकिंग गावाला वेढा पडला होता, तेव्हा निरोप्याची कामं गावातली पोरं करायची. ते त्यांनी पाहिलेलं. पुढं ऑगस्ट १९०७ मध्ये इंग्लंडच्या किनाऱ्याजवळच्या ब्राउनसी बेटावर त्यांनी वीसेक मुलांचं शिबिर घेतलं. काही बड्या घरची, महागड्या शाळांतली. काही साध्या कष्टकऱ्यांची. त्यांचे चार संघ केले आणि प्रत्येकाचा नायक पोरांतलाच एक. साहेब फौजी, पण पोरांची पलटण केली नाही, छोटे गट केले, हे मला अजून विशेष वाटतं. आपल्याकडं वेगवेगळ्या स्काऊट संघटना होत्या, त्या एकत्र येऊन ७ नोव्हेंबर १९५० ला 'भारत स्काऊट्स आणि गाईड्स' झाली. वह्यांत हे सगळं असतं. मला ते कळायला शिबिरात जळालेली खिचडी लागली.

मी स्काऊट मास्तर झालो त्या पहिल्या वर्षी चारही संघनायक मीच निवडले. निवडले म्हणजे काय, चार वर्गांतले पहिले नंबर उचलले. अक्षर चांगलं, सॉक्स स्वच्छ. डिसेंबरात अंबाजोगाईला मुकुंदराजाच्या समाधीपर्यंत पायी नेलं, तिथवर सगळं झकास. शिस्तीत रांगा, शिट्टी वाजली की जागच्या जागी. मग शाळेच्या मागच्या रानात दोन रात्रींचं शिबिर होतं. स्वयंपाक ज्याचा त्यानं करायचा. तासाभरानं मोर संघाचा नायक माझ्याकडं आला. हातात वहीचा कागद, दुमडलेला. उघडला तर वर लिहिलेलं, 'काम न करणारी मुले', खाली चार नावं, आणि दोघांपुढं फुल्या.

मी त्याच्यामागं गेलो. तीन दगडांच्या चुलीवर भगुणं, तळाशी खिचडी करपलेली, वर तांदूळ कच्चे. उरलेली पोरं लांब बसून खडे मारत होती. त्यानं रात्री एकट्यानं जेवण केलं. त्याचं काही चुकलं नव्हतं. त्याला जे येत होतं ते त्यानं केलं. मीच एका मॉनिटरच्या खिशावर हिरव्या पट्ट्या शिवल्या होत्या.

दुसऱ्या वर्षी प्रत्येक संघाला सांगितलं, तुमचा तुम्ही ठरवा. मोर संघानं ज्याला निवडलं त्याचं नाव ऐकून मी मनात म्हणालो, झालं. नववीतला पोरगा, अभ्यासात जेमतेम, बोलायला लाजणारा. आईबाप दिवाळी झाली की कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला जायचे, थेट उन्हाळ्यात परत. आमच्या बीड जिल्ह्यात ही गोष्ट घरोघरची आहे. हा आणि त्याची लहान बहीण आजीपाशी. आजीला दिसायचं कमी, म्हणून सकाळची चूल हाच पेटवायचा. मी पोरांना विचारलं, का रे हाच? एकानं सरळ सांगितलं, "सर, त्येला भाकरी येतात." याहून भारी कारण मी आजतागायत ऐकलेलं नाही.

त्याच्या संघाची चूल सगळ्यात आधी पेटायची. तुराट्या कशा मोडायच्या, वाऱ्याची बाजू कुठली, हे तो सांगायचा नाही. तो बसायचा, पोरं शेजारी बसायची. भाकरी थापायला मात्र त्यानं सातवीतल्या पोराला लावलं. भाकरी झाली नकाशासारखी. सगळ्यांनी ती वाटून खाल्ली आणि त्यानं स्वतःची थापलेली मागं ठेवली, संपली तर कुणाला लागेल म्हणून.

दुसऱ्या दिवशीचा प्रसंग सांगतो, कारण माझं सगळं उत्तर त्यात आहे. आमच्याकडं जानेवारीतच पाणी जपून वापरावं लागतं. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं ते २०१६ साल ज्यांनी भोगलंय त्यांना वेगळं सांगायला नको. शिबिरात एका संघाला एका वेळेला दोन घागरी, पिण्याचं वेगळं. मोर संघातल्या सहावीच्या पोराचा पाय अडकला आणि भरलेली घागर लवंडली. भेगाळलेल्या काळ्या जमिनीनं घोट घेतल्यासारखं पाणी ओढून घेतलं. पोरगं रडवेलं. मी वीस पावलांवर उभा.

संघनायकानं घागर सरळ केली. पोराकडं बघितलंसुद्धा नाही. खाली चुंबळ पडली होती ती झटकून त्याच्या हातात दिली आणि म्हणाला, "चल." दोघं गरुड संघाकडं गेले. काय बोलणं झालं ते मला ऐकू आलं नाही, पण परतताना घागर अर्धी होती. त्या संध्याकाळी मोर संघानं भांडी राखेनं घासली आणि कोरड्या फडक्यानं पुसली. धुतली सकाळी, नवं पाणी आल्यावर. त्या बदल्यात गरुड संघाचं जळण दोन दिवस मोर संघानं आणायचं, असा सौदा झाल्याचं मला नंतर कळलं.

मी स्काऊट मास्तर, विचारणं भाग होतं. "पाणी कुणी सांडलं रे?"

तो म्हणाला, "आमच्या संघानं सांडलं, सर."

बस. माझ्या हातात खडू असता तर मी फळ्यावर काय लिहिलं असतं सांगा.

संघनायकाचं तोंड पोरांकडं असतं. आणि पोरांचं म्हणणं माझ्यापर्यंत आणायचं तर त्यासाठी एक जागा आहे, तिला मानसभा म्हणतात. चारही संघनायक बसतात, सगळ्या पथकाचा जो मोठा नायक, तो पथकनायक, अध्यक्ष. मी असतो, पण सल्ल्यापुरता. मत मला नाही. हे ऐकलं की पालक हसतात. मीही आधी हसायचो. मग त्याच शिबिरात शेवटच्या दिवशी शेजारच्या रानातले हरभऱ्याचे ढाळे उपटल्याचं उघड झालं. (हो, ढाळेच. नियतीलाही विनोद कळतो.) मला त्या तिघांना तिथल्या तिथं घरी पाठवायचं होतं. मानसभेनं तासभर काथ्याकूट केला आणि ठरवलं की पथकानं शेतकऱ्याकडं जाऊन सांगायचं आणि त्याच्या रानात सकाळचे दोन तास काम करायचं, सगळ्यांनी. "तिघांनीच का नाही?" असं मी विचारलं. घोडा संघाचा नायक म्हणाला, "खाल्ले सगळ्यांनी, सर." मला गप्प बसावं लागलं. त्या शेतकरीमामानं पोरांना पाण्याला दारं धरायला लावलं, चिखलानं माखून पोरं परत आली आणि येताना दोन-दोन ढाळे हातात. मामांनीच दिलेले.

इथं थांबलो असतो तर छान झालं असतं. पण पुढं एक चूक घडली आणि ती माझी आहे.

'आमच्या संघानं सांडलं' ही गोष्ट मला इतकी आवडली की मी ती दरवर्षी सांगायला लागलो. प्रार्थनेनंतर, १७ सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिनाच्या झेंडावंदनाच्या तालमीत, शिबिराच्या शेकोटीपाशी. ऐकणाऱ्या पोरांनी त्यातून काय घेतलं? संघातलं बाहेर सांगायचं नाही. सरांना तर नाहीच.

दोन वर्षांनी, शिबिराची पहिलीच रात्र. अडीचच्या सुमाराला लघवीला उठलो. वाघ संघाच्या तंबूत टॉर्च चालू. डोकावलो तर एका पोराचं अंग फणफणलेलं, संघनायक ओल्या रुमालाच्या पट्ट्या ठेवतोय, बाकीचे पाच जण भोवती बसलेले. संध्याकाळपासून दोनदा उलटी झाली होती. मी ओरडलो, "मला उठवलं का नाही?" तो पोरगा, चौदा वर्षांचा, डोळे तांबारलेले, म्हणाला, "सर, आमच्या संघाचं होतं ना."

गावातल्या डॉक्टरांना उठवलं, सलाईन लावली, सकाळी पोराला मोसंबीचा रस गेला. निभावलं. त्याच्या वडिलांना फोन मी केला आणि काय काय झालं ते लपवलं नाही. ते फोनवर बराच वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "त्या पट्ट्या ठेवणाऱ्या पोराला बोलू नका." मी आधीच बोललो होतो. जाऊन त्याची माफी मागितली, त्याच्या संघासमोर. ते अवघड गेलं, खोटं कशाला सांगू.

दुपारी मानसभा बसली. मी म्हणालो, मी नियम करतो. पथकनायक म्हणाला, "सर, आम्ही करतो, तुम्ही बघा." वही लिहिणाऱ्या पोराच्या अक्षरातलं ते पान माझ्याकडं अजून आहे. मध्यरात्री असो की सरांचं जेवण चाललेलं असो, या गोष्टी लगेच सांगायच्या : कुणाला ताप, उलटी, जखम, साप-विंचू, विहिरीकडं किंवा विजेच्या तारेकडं कुणी गेलं तर, मोजणीत एक जरी पोरगं कमी भरलं तर. त्यात मी एक घालायला सुचवलं, की कुणा मोठ्या माणसानं, अगदी सरांनीसुद्धा, कुणाला नकोसं वाटेल असं काही केलं तर ते घरी आणि दुसऱ्या बाईंना किंवा सरांना सांगायचं. त्यांनी तेही लिहिलं, 'सरांनीसुद्धा' या शब्दाखाली रेघ मारून. बाकी पाणी सांडणं, खिचडी करपणं, रुसणं, भांडणं, अंथरुणाची ओढाओढ हे संघाचं संघानं बघायचं.

तर तुमच्या मुलाबद्दल. तो मॉनिटर आहे म्हणून संघनायक होणार नाही असं काही नाही. दोन्ही उत्तम करणारी पोरं मी पाहिलीत. पण ठरवणार त्याचा संघ, मी नाही. त्यानं पहिल्या वर्षी भांडारी व्हावं असं मला मनापासून वाटतं. गेल्या वर्षी एका आईनं तक्रार केली की पोरगं घरातले चमचे मोजतंय आणि एक कमी आहे म्हणून सगळ्यांना झोपू देत नाही. चमचा शेजारणीकडं सापडला म्हणे, कंदुरीच्या, म्हणजे नवसाच्या बोकडाच्या जेवणात गेलेला.

राहिलं ते पान. सगळ्यात खाली, नियम संपल्यावर, वेगळ्या शाईत एक ओळ आहे. कुणी लिहिली ते मी विचारलं नाही, विचारलं असतं तर उत्तर काय आलं असतं ते मला ठाऊक आहे. ओळ अशी : 'सरांनी झोपताना चपला तंबूच्या बाहेर काढाव्यात, म्हणजे अंधारात सर कोणत्या तंबूत आहेत ते कळेल.' तेव्हापासून बाहेरच काढतो. मागच्या शिबिरात त्यातली डावी कुत्र्यानं पळवली. घोडा संघानं ती सकाळी शोधून आणली, अंगठा तुटलेली, आणि कुणी शोधली विचारलं तर आठही जण एका सुरात म्हणाले, "आमच्या संघानं."