बढतीची फाइल आणि वस्तीतलं संशोधन

बढतीचा अर्ज भरायला घेतला तेव्हा माझ्या नावावर शोधनिबंध मोजके होते आणि प्रत्येकावर लेखकांची नावं भरपूर. लोकांना बरोबर घेऊन सार्वजनिक आरोग्यात संशोधन करणाऱ्या बऱ्याच जणांची फाइल अशीच दिसते. प्रश्न कोणता घ्यायचा इथपासून निष्कर्ष आधी कोणाला सांगायचे इथपर्यंत सगळं लोकांबरोबर ठरवायचं, तर वेळ लागणारच. तो वेळ म्हणजे संशोधनच आहे, हे विद्यापीठाला पटवून देणं हा माझ्या नोकरीतला सर्वांत दमवणारा भाग ठरला.

पहिला अडसर एथिक्स कमिटीचा, म्हणजे माणसांवरच्या संशोधनाला मंजुरी देणाऱ्या नीतिसमितीचा. त्यांना प्रश्नावली, संमतीपत्र, सगळं आधी तयार हवं. आमची प्रश्नावली तर लोकांशी बोलूनच घडणार होती. म्हणून मंजुरी टप्प्यांनी घेतली: आधी फक्त बैठका आणि गटचर्चांसाठी, मग त्यातून निघालेल्या प्रश्नावलीसाठी दुरुस्तीचा अर्ज. आम्ही गेलो होतो रक्तदाबाचा अभ्यास करायला. बायका मात्र पुन्हा पुन्हा चुलीच्या धुरावर आणि मुलांच्या खोकल्यावर येत होत्या. विषय बदलला, अनुदान देणाऱ्यांना कारणांसह कळवलं आणि त्यांनी मान्य केलं.

माहितीची मालकी कोणाची, हे मी सुरुवातीलाच लेखी करून घेतलं. अमेरिकेत हवासुपाई आदिवासींनी १९९०च्या दशकात मधुमेहाच्या अभ्यासासाठी म्हणून रक्ताचे नमुने दिले आणि ते स्किझोफ्रेनिया या मानसिक आजारासारख्या भलत्याच विषयांसाठी वापरले गेले. २०१० मध्ये नमुने घेणाऱ्या विद्यापीठाला तडजोड करून भरपाई द्यावी लागली, नमुनेही परत करावे लागले. हे माहीत असताना तोंडी भरवशावर काम करणं मला पटत नाही.

लेखकपदाचा प्रश्न त्याहून नाजूक होता. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या निकषांनुसार नुसती माहिती गोळा केल्याने कोणी लेखक होत नाही. मसुद्यावर बौद्धिक काम, अंतिम संमती आणि जबाबदारी घेणंही लागतं. वस्तीतल्या दोघी कार्यकर्त्यांनी आकड्यांचा अर्थ लावण्यात मोठा वाटा उचलला होता. मग मसुदा त्यांच्या भाषेत वाचून दाखवायचा, त्या हरकती घेणार, आम्ही परिच्छेद नव्याने लिहिणार, असं चाललं. घरात मोजलेला धूर आणि बाईने सांगितलेला त्रास यांचा मेळ का बसत नाही, हे आम्हाला त्यांनीच समजावलं: मोजायला आलेल्या पाहुण्यांसमोर चूल उशिरा पेटते. निबंधातला सर्वांत चांगला भाग तोच आहे.

फाइलमध्ये मी दोन गोष्टींचा आधार घेतला. शेरी अर्नस्टाईन यांनी १९६९ मध्ये लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तिच्यात सल्ला घेणं चौथ्या पायरीवर येतं आणि भागीदारी सहाव्या. आमचं काम कोणत्या टप्प्यात कोणत्या पायरीवर होतं, ते पुराव्यासह लिहिलं. सातवी, म्हणजे निर्णयाचे अधिकारच लोकांकडे सोपवण्याची पायरी, गाठली असा दावा केला नाही. दुसरा आधार संशोधनाचं मूल्यमापन कसं करावं याबद्दलच्या सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्याचा. नियतकालिकाच्या इम्पॅक्ट फॅक्टरवरून, म्हणजे त्यातल्या निबंधांचे सरासरी किती संदर्भ दिले जातात त्या आकड्यावरून, माणसाचं काम जोखू नये, असं तो स्पष्ट सांगतो. सोबत वस्तीच्या समितीचं पत्र जोडलं. बाह्य परीक्षकांत या पद्धतीने काम केलेलं कोणीतरी असावं, अशी लेखी विनंतीही केली. ती मान्य झाली नसती तर निकाल वेगळा लागला असता, असं मला वाटतं.

बढती मिळाली. या वाटेने येणाऱ्यांनी बैठकांची टिपणं पहिल्या दिवसापासून तारखेसह जपावीत. कोण हजर होतं, कोणी हरकत घेतली, त्यामुळे आराखड्यात काय बदललं, एवढं तरी लिहावं. मुलाखतीत मला निबंधांपेक्षा त्या टिपणांबद्दलच जास्त विचारलं गेलं.