खाजणाचा बांध आणि अमेरिकेचा हेर

माझं नकाशांचं, म्हणजे जीआयएसचं छोटं ऑफिस आहे. धरमतर खाडीकाठच्या खारेपाटातलं एक गाव भांडण घेऊन आलं. आज जिथे कांदळवन माजलंय, तिथे पूर्वी आमची भातशेती होती, असं त्यांचं म्हणणं. बांधाला खांड गेली, ती वेळेत कुणी भरली नाही, खारं पाणी आत शिरलं आणि मागोमाग तिवरं उगवली. आता कागदोपत्री ते कांदळवन. त्यात २०१८ चा उच्च न्यायालयाचा निकाल, त्यामुळे कांदळवनालाच काय, भोवतीच्या पन्नास मीटरच्या पट्ट्यालाही हात लावणं अवघड. सातबारे होते, पण बांध नेमका कुठून जायचा, हे सातबारा सांगत नाही.

पुरावा सापडला तो अमेरिकन हेरगिरीच्या कपाटात. १९६० ते १९७२ या काळात अमेरिकेने ‘कोरोना’ नावाचे उपग्रह सोडले. त्यांत खरोखरची फिल्म असे. रोल संपला की डबा पॅराशूटने खाली यायचा आणि विमान तो हवेतल्या हवेत आकड्याने पकडायचं. रोख मुख्यतः सोविएत संघावर आणि चीनवर. आमच्या खाडीवरून कॅमेरा का फिरला? पलीकडे तुर्भ्याला अणुभट्टी होती, म्हणून असेल. हा आपला माझा तर्क. १९९५ मध्ये ही आठ लाखांहून जास्त चित्रं खुली झाली. आधी स्कॅन झालेली फुकट मिळतात, नवं स्कॅन करून हवं असेल तर फ्रेमला तीस डॉलर.

चित्र मिळालं म्हणजे काम झालं असं नाही. हा कॅमेरा एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे झुलत लांबच लांब पट्टी टिपायचा, त्यामुळे कडांकडे जमीन वेडीवाकडी दिसते. तळ्याचा कोपरा, देवळाचा चौथरा, जुन्या रस्त्याचं वळण अशा न हललेल्या खुणा धरून ती ताणून-आवळून आजच्या नकाशावर बसवावी लागते. यात माझे डोळे गेले. पण बसल्यावर खाडीकडेने एक बारीक पांढरी रेघ स्पष्ट उमटली आणि तिच्या आत चौकटी-चौकटींची शेतं.

मोठा प्रिंट काढून समाजमंदिरात नेला. सरकारी खात्याचे तरुण अभियंता आले होते, अर्धं गाव जमलेलं. ऐंशीच्या घरातले नाना चष्मा कपाळावर चढवून कागदावर वाकले आणि खाडीच्या वळणावर बोट ठेवत म्हणाले, “यो आमचा बांध. आन् हितं उघाडी.” मी काही सांगितलं नव्हतं. उघाडीचं, म्हणजे बांधातून पाणी सोडायच्या वाटेचं, दार एवढ्या बारीक चित्रात दिसणं शक्यच नाही, पण ओहोळ बांधाला जिथे भिडतो ती जागा अचूक होती.

“नाना, हे उपग्रहाने काढलंय, साठीच्या दशकात.”

“तवा कंचा उपग्रह? आमच्याकडं ईज पन नवती!”

चहा आला तसे अभियंता म्हणाले, “सर, आता आपलेच बावन्न उपग्रह येणार. नाहीतर सरळ कंपन्यांकडून चित्रं विकत घ्यायची. एवढा खर्च कशाला?”

बावन्नचा आकडा बरोबर होता. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये टेहळणी उपग्रहांच्या त्या योजनेला मंजुरी मिळाली, खर्च सुमारे सत्तावीस हजार कोटी. एकवीस उपग्रह इस्रोचे, एकतीस खाजगी कंपन्यांचे. ‘उपग्रह बांधायचे की चित्रं विकत घ्यायची’ हा वाद मात्र अमेरिकेत कधीचा चाललाय. १९९९ मध्ये त्यांनी नव्या हेर-उपग्रहांचं काम बोईंगला दिलं, अब्जावधी डॉलर ओतले आणि २००५ मध्ये त्यातला कॅमेऱ्यांचा भाग काढून घेतला. मग मधला मार्ग निघाला: सरकारने मालकीचे पण साधे उपग्रह घ्यावेत. कंपन्या म्हणाल्या, तेच काम आम्ही करतो की! शेवटी मोठे उपग्रह सरकारचे आणि वर दोन कंपन्यांकडून चित्रांची खरेदी असं ठरलं. २०१० चे ते करार मिळून सात अब्ज डॉलरच्या वर गेले. दोनच वर्षांत कात्री लागली आणि २०१३ मध्ये त्या दोन कंपन्यांची एक झाली. दुकानदार एकच उरला, तर भावात घासाघीस कुठे करणार?

शिवाय विकतच्या डोळ्याला मालक असतो. २००१ मध्ये अफगाणिस्तानवरची इकोनॉस या खाजगी उपग्रहाची सगळी चित्रं अमेरिकी सरकारने पैसे मोजून एकट्यासाठी घेतली. बाकीच्यांना दुकान बंद. मार्च २०२५ मध्ये युक्रेनला मिळणारी चित्रं अमेरिकेने काही काळ थांबवली, तेही असंच. आपल्याकडे २६/११ नंतर रडारवाला रिसॅट-२ घाईने २००९ च्या एप्रिलमध्ये सोडला, तो उगीच नव्हे. रडारला ढगांआडचंही दिसतं. पावसाळ्यात कोकणावर ढग बसले की साधा कॅमेरा आंधळा, आणि खांडी जातात त्या नेमक्या पावसाळी उधाणात.

म्हणून मी स्वतःच्या उपग्रहांच्या बाजूचा, पण एका अटीवर. जुनी चित्रं अमुक वर्षांनी खुली होतील, हे आजच लिहून ठेवा. कोरोनाची फिल्म सरकारी होती म्हणून जपली गेली आणि कधीतरी लोकांना मिळाली. कंपनीचं चित्र परवान्याच्या अटींसकट येतं. ते समाजमंदिरात लावायचं तरी आधी करार वाचावा लागतो.

अभियंत्यांनी सगळं ऐकून घेतलं, प्रिंट गुंडाळला आणि विचारलं, “हे चित्र ज्यांनी काढलं, त्यांचं प्रमाणपत्र जोडता येईल का? फाइलला लागेल.”

सीआयएचं, म्हणजे अमेरिकी गुप्तहेर खात्याचं, प्रमाणपत्र कुठून आणू? मी अमेरिकन संग्रहाचा फ्रेम क्रमांक आणि डाउनलोडची पावती जोडली. संयुक्त मोजणीची तारीख पडली, पावसाळ्यानंतरची.