किती सेकंद दिसलं?

2 एप्रिल 2022, गुढीपाडवा. आदल्याच दिवशी अमावास्या झालेली, त्यामुळे आकाश काळंभोर. संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास विदर्भापासून मध्य प्रदेशातल्या झाबुआ-बडवानीपर्यंत लोकांनी आकाशात जळती रांग पाहिली आणि आमच्या आकाशनिरीक्षण केंद्राचा फोन थांबेचना. पहिल्या तिघांना मी "मोठी उल्का असेल" असं सांगून मोकळा झालो. साफ चूक.

उल्का सेकंदाला 11 ते 72 किलोमीटर वेगाने घुसते. शुक्रापेक्षा तेजस्वी असली तर तो अग्निगोल. पण तोही बहुधा दोन-पाच सेकंदांत विझतो. घरातल्यांना हाक मारून अंगणात बोलावेपर्यंत सगळं संपलेलं असतं. इथे लोकांनी खिशातून मोबाइल काढला, लॉक उघडलं, कॅमेरा लावला, तरी व्हिडिओत रांग चाललेलीच! पृथ्वीच्या कक्षेतून उतरणारा कचरा, म्हणजे जुन्या रॉकेट-उपग्रहांचे भाग, सेकंदाला सात-आठ किलोमीटरनेच येतो, जवळजवळ आडवा सरकतो आणि मागे तुकड्यांची माळ सोडतो. झाबुआ ते चंद्रपूर जिल्हा हे अंतर पाचशे किलोमीटरच्या वर, म्हणजे मिनिटाहून जास्त वेळ. वाहिन्यांवर मात्र 'उल्कावर्षाव' सुरू होता. उल्कावर्षावात उल्का सुट्या-सुट्या पडतात, अशी वरात काढून येत नाहीत.

दुसरा ठरलेला घोळ म्हणजे "आमच्या शेतामागेच पडलं". 80 किलोमीटर उंचीवरची वस्तू 400 किलोमीटर दूर असेल तर क्षितिजापासून जेमतेम मूठभर वर दिसते, झाडाआड जाते आणि माणूस पलीकडच्या धुऱ्यावर शोधत फिरतो. म्हणून फोनवर आम्ही अंतर विचारतच नाही. जिथून पाहिलं तिथेच पुन्हा उभे राहा, हात सरळ ताणा. मूठ म्हणजे 10 अंश, वीत म्हणजे 20. कुठल्या खांबावर उगवलं, कुठे विझलं, एवढं सांगा. दणका ऐकू आला असेल तर किती वेळाने? आवाजाला एका किलोमीटरला तीन सेकंद लागतात, 40 किलोमीटरला दोन मिनिटं. सीसीटीव्हीची वेळ तर कधीच खरी धरू नये. चित्रण साठवणाऱ्या डीव्हीआरचं घड्याळ पाच-सात मिनिटं सहज चुकतं. पडद्यावरची वेळ आणि मोबाइलवरची वेळ एकाच फोटोत घ्यायची, म्हणजे फरक हाती लागतो. दोन गावांच्या अशा नोंदी जुळल्या की मार्ग आखता येतो. एकाच गावच्या पन्नास नोंदी त्याला पुरत नाहीत.

चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीत धातूचं भलंमोठं कडं पडलं, आसपासच्या गावांत गोल टाक्या सापडल्या. जोनाथन मॅकडॉवेल या खगोलशास्त्रज्ञांनी हा फेब्रुवारी 2021 मध्ये उडालेल्या चिनी लाँग मार्च 3बी रॉकेटचा तिसरा टप्पा असावा असं म्हटलं. त्या टप्प्याचा व्यास तीन मीटर. कड्याचा आकारही तेवढाच.

लोक कड्याला हात लावून फोटो काढत होते, याचा मला अजून राग येतो. लोकांवर नाही. रॉकेटच्या टाकीत विषारी इंधनाचा अंश असू शकतो, लांब राहा, वास घेऊ नका, हे आधीच गावोगाव सांगून ठेवायला हवं, आणि ते आमच्यासारख्यांचंच काम.

त्या रात्रीच्या नोंदवहीत पहिल्या तीन फोनांपुढे 'उल्का' असंच लिहिलेलं आहे. शेजारचा सेकंदांचा रकाना कोरा.