न्हाई तर न्हाई

आमच्या प्रेसमधे दरवर्षी जूनमधे एक भांडण ठरलेलं असतं. नाना, आमचे मशीनमन, वय अठ्ठावन्न, रंग जुळवण्यात असा हात पुण्यात दुसरा नाही (हे मी त्यांच्या तोंडावर कधी म्हणत नाही, लगेच पगाराचा विषय निघेल), तर हे नाना पालखी निघायची वेळ झाली की मशीन पुसून, वर कापड टाकून जे जातात ते आषाढी करूनच उगवतात. वीस-बावीस दिवस. आणि मी दरवर्षी तेच बोलतो, की अहो नाना तो दगड काय पळून चाललाय का, ऑर्डरी पडल्यात इथं. ते हसतात आणि जातात. २०२४ साली मात्र हसले नाहीत. म्हणाले, "शेठ, एकदा चला, मग बोला काय बोलायचं ते."

आता माझं सांगतो. आमच्या घरात देवघर नाही, वडलांच्या काळापासून नाही. मी नास्तिक आहे म्हणजे रागावलेला वगैरे नाही, कुठला नवस फसला नाही, कुणी अकाली गेलं म्हणून देवावर रुसलो असंही नाही. पटत नाही, एवढंच. बरोबर माझा शाळेपासूनचा मित्र आला, त्याला डॉक्टर म्हणू. तो पॅथॉलॉजिस्ट आहे आणि देवाच्या बाबतीत तो अज्ञेयवादी का काय म्हणतात तो. त्याला विचारलं देव आहे का तर म्हणतो सॅम्पल अपुरं आहे, रिपोर्ट देता येत नाही. मी त्याला तीस वर्षं पळपुटा म्हणत आलोय.

आळंदीहून माउलींची पालखी २९ जूनला निघाली, आम्ही पुण्याचा मुक्काम संपल्यावर नानांच्या दिंडीत घुसलो. भिशी भरली, म्हणजे दिंडीचे जेवणखाण-तंबू-ट्रकचे पैसे, त्याला भिशीच म्हणतात. पहिल्याच सकाळी नाना समोर आले, पांढरा सदरा, गंध, गळ्यात टाळ, आणि वाकून माझ्या पायाला हात लावला. मी दोन पावलं मागं सरकलो. अहो नाना काय करताय! ते म्हणाले "माउली" आणि उभे राहिले. तसेच. माझी पाळी होती हे मला अर्ध्या मिनिटानं कळलं. पंधरा वर्षं ज्या माणसाची हजेरी मी मांडतोय त्याच्या पायाला हात लावायला मला नक्की कशाची अडचण होती, देवाची तर नव्हतीच. वाकलो. ते पाय मी पहिल्यांदा बघितले, अंगठ्याच्या नखात शाई होती, सायन, म्हणजे छपाईतली निळी.

पुणे ते सासवड हा अख्ख्या वारीतला मोठा टप्पा, वर दिवे घाट. घाटाबद्दल सगळे फोटोवाले भरभरून बोलतात, मला फक्त माझे तळवे आठवतात. सासवडला तंबूत आडवा झालो तर दोन्ही टाचांना लिंबाएवढे फोड. आमच्या शेजारच्या राहुटीत परांड्याकडच्या एक आजी होत्या, सत्तरीच्या पुढच्या, त्या सुई-दोरा घेऊन आल्या. काडी पेटवली, सुई लाल केली, फोडातून आरपार काढली आणि दोरा तसाच आत ठेवून दोन्हीकडून कापला. पाणी दोऱ्यावरनं झिरपत राहतं, कातडी निघत नाही. डॉक्टर बघत होता, त्याचा चेहरा बघण्यासारखा. म्हणाला आजी दोऱ्यातनं इन्फेक्शन होईल. आजी म्हणाल्या, "सुई भाजली की बाबा. आन दोरा हळदीत घोळलाय." डॉक्टर गप्प बसला, पण माझ्यावर नजर ठेवून होता, आणि दुसऱ्या दिवशी त्यानं गुपचूप मला अँटिबायोटिकची गोळी दिली. तर माझे पाय बरे कशानं झाले यावर आजतागायत दोन मतं आहेत.

तिथंच आजींनी विचारलं, कितवी वारी. पहिलीच, आणि मी देव मानत नाही. हे मी जरा तयारीनं बोललो, म्हणजे पुढचा वाद डोक्यात मांडूनच. आजींनी सुई पदराला पुसली आणि म्हणाल्या, "न्हाई तर न्हाई. भाकरी खाल्ली का?"

संपला विषय. माझी तयारी वाया गेली.

बाकीच्यांकडे मात्र विषय इतका स्वस्तात मिटत नव्हता. वाल्ह्याकडनं नीरेला जाताना आमचे विणेकरी महाराज माझ्या बरोबरीनं चालायला लागले, गोड माणूस, आवाज तर असा की ऐकत राहावं. त्यांना कुणीतरी सांगितलं असणार. म्हणाले, माउली तुमची विरोधभक्ती आहे. हिरण्यकश्यपू, रावण, कंस, ह्यांनी द्वेषातनं का होईना अखंड देवाचंच चिंतन केलं, तेही तरले. म्हणलं महाराज मी अखंड चिंतन करत नाही हो, मला महिनामहिना देव आठवत पण नाही, मला कागदाचे भाव आठवतात. ते हसले, म्हणाले, मग पाय इथं कुणी आणले? आता ह्याला काय उत्तर देणार. नानांनी आणले म्हणलं, तर म्हणे नानांना कुणी पाठवलं. म्हणजे मी काहीही बोललो तरी ते त्यांच्याच वहीत जमा होणार. मला नाही म्हणायची सोयच नाही. वरनं त्यांनी तुकोबांचा तो अभंग सांगितला, ज्यात तुकोबा म्हणतात की देव आहे असं तोंडानं म्हणावं आणि नाही असा मनात अनुभवावा. मी उडालोच, म्हणलं हे तर आमच्या बाजूचं झालं! तर त्यांनी त्याचा अर्थ अद्वैतात नेऊन असा काही लावला की दोन किलोमीटर संपले आणि मी परत आस्तिक निघालो.

चिडलो होतो मी. रात्री डॉक्टरला म्हणलं, हे लोक समोरच्याचा नकार ऐकूनच घेत नाहीत, आतून तू आमचाच आहेस म्हणतात. डॉक्टर पाय चोळत म्हणाला, तू काय वेगळं करतोस? नानांना पंधरा वर्षं सांगतोयस की तुम्ही आतून घाबरलेले आहात, गरिबीमुळं जाता, शिकला असतात तर गेला नसतात. त्यांनी कधी सांगितलं तुला की ते घाबरलेत?

नव्हतं सांगितलं. उलट नानांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, मागायला जात नाही, काय मागायचं त्याच्याकडं, नेम आहे. आजा जायचा, बाप जायचा, मी जातो. विठोबा आहे का नाही ह्यावर त्यांनी फार डोकं चालवलेलं दिसलं नाही. माझी सगळी भांडणं त्या एका प्रश्नावर आणि ते त्या प्रश्नाच्या आसपास राहतच नाहीत.

लोणंदला एक अवघड संध्याकाळ झाली. दिंडीतले एक काका जरा तडकून म्हणाले, तुमच्याच लोकांनी वारी बंद करायचा कायदा आणला होता ना. म्हणलं काका, जादूटोणाविरोधी कायदा २०१३ ला झाला, त्याच्या आधी वर्षानुवर्षं हेच सांगत फिरले लोक, की वारी बंद होणार, कीर्तन बंद होणार. झाली का बंद? उलट यात्रा, प्रदक्षिणा, कीर्तन, भजन ह्याला हा कायदा लागू नाही असं त्यात स्वतंत्र कलम घातलंय. काका म्हणाले, आम्हाला असं कुणी सांगितलं नाही. नाना इतका वेळ गप्प होते, ते म्हणाले, "शेठ, त्या पुलावर मारलं ते डॉक्टर, तुमच्यातलेच ना?" हो म्हणलं. २० ऑगस्ट २०१३, सकाळी फिरायला निघालेले दाभोलकर. पूल आमच्या प्रेसपासून चालत दहा मिनिटांवर, ओंकारेश्वराजवळचा, आणि त्या पुलाचं अधिकृत नाव महर्षी विठ्ठल रामजी शिंदे पूल. नावातच विठ्ठल. काका बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, मारायला नको होतं. एवढंच. मला ते पुरलं नाही खरं सांगायचं तर, पण त्या रात्री मी ताणलंही नाही.

पण वारीतली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट कुठली म्हणाल तर समाजआरती. मुक्कामाच्या ठिकाणी संध्याकाळी सगळ्या दिंड्या पालखीभोवती गोलात उभ्या राहतात, टाळ-मृदंगाचा नुसता कल्लोळ, आणि चोपदार हातातला चांदीचा दंड वर करतो. झटक्यात शांतता. इतकी की पताका फडफडताना ऐकू येते. आणि त्या शांततेत एखादी दिंडी टाळ वाजवतच राहते. मी म्हणलं हे कोण बेशिस्त? तर नाना म्हणाले, तक्रार आहे त्यांची. टँकर आला नसेल, जागा बरोबर मिळाली नसेल, कुणी मधे घुसलं असेल, तर ती दिंडी टाळ थांबवत नाही, मग चोपदार स्वतः तिथं जातात, सगळ्यांसमोर ऐकून घेतात, मार्ग काढतात, तेव्हा टाळ थांबतो. मग हरवलं-सापडलं पुकारतात, कुणाची पिशवी, कुणाचा मोबाइल, आणि मग आरती. ही सगळी शिस्त हैबतबाबा आरफळकरांनी १८३२ मधे सोहळा उभा केला तेव्हापासूनची सांगतात. मी आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी आहे, मला ह्या पद्धतीची किंमत कळते. आधी तक्रार, मग देव.

लोणंदच्या पुढं एक इंजिनियर पोरगा आमच्यात आला, दोन दिवस सुट्टी काढून आलेला. चांगला होता, पाण्याच्या बाटल्या उचलायचा. पण त्याला विज्ञान चावलेलं. पितळी टाळाची फ्रिक्वेन्सी, मेंदूच्या लहरी, पंढरपूरला पृथ्वीची ऊर्जा एकवटलीय, नासानं वगैरे. मी तोंड उघडणार तेवढ्यात नानाच म्हणाले, "असली ऊर्जा असती तर विठोबा एमएसईबीत बसवला असता की." सगळी दिंडी हसली, विणेकरी महाराज पण. अडाणी श्रद्धेचा मला कधी एवढा राग आला नाही जेवढा ह्या इंग्रजी औषधाच्या बाटलीतल्या श्रद्धेचा येतो, आणि गंमत म्हणजे तो राग नानांना पण येतो हे मला तिथं कळलं.

पुरंदावड्याच्या गोल रिंगणात अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू. पुढं स्वाराचा घोडा, मागं माउलींचा मोकळा घोडा, पाठीवर कुणी नाही, तो पळत येतो आणि लोक टापाखालची माती कपाळाला लावतात. काटा आल्याबरोबर काकांनी माझा हात धरला, बघा बघा आला का नाही! म्हणलं काका, पालखी आळंदीहून निघाली त्याच रात्री आपण वर्ल्डकप जिंकला, तेव्हाही आला होता, म्हणून रोहित शर्मा देव होत नाही. काका म्हणाले त्याचं पण बघावं लागंल. डॉक्टर मधेच म्हणाला, काट्याचं सॅम्पल घेता येत नाही. त्याला दोन्हीकडून शिव्या पडल्या, काका म्हणे तू धड आमचा नाही, मी म्हणलं धड माझाही नाही. तो आपला शांतपणे चिक्की खात होता. तीस वर्षांत पहिल्यांदा मला वाटलं की ह्याला मतच नाही असं नाहीये, ह्याला घाई नाहीये.

पंढरपूरला दशमीच्या रात्री गर्दीतनं कसाबसा महाद्वाराकडं गेलो. नामदेव पायरी, आणि तिच्यासमोर चोखोबांची समाधी. बाहेर. मी बाहेर थांबलो होतो कारण मला आत जायचं नव्हतं. चोखोबांना जायचं होतं. त्यांच्या लोकांना ह्या देवळाचं दार उघडायला १९४७ साल उजाडावं लागलं, साने गुरुजींनी मे महिन्यात दहा दिवस उपोषण केलं तेव्हा. म्हणजे ज्यानं सगळ्यात जास्त मानलं त्याला सहाशे वर्षं आत घेतलं नाही, आणि मला, न मानणाऱ्याला, रस्त्यातले दहा जण म्हणत होते माउली चला की आत, रांग इकडनं आहे. मी नानांना हे बोललो. नाना पायरीकडं बघत म्हणाले, ते चुकलंच. मग म्हणाले, "म्हणून मी हितं पहिलं डोकं टेकवतो, मग कळस बघतो. आत जातच न्हाई." तीस वर्षं वारी करणारा माणूस, मूर्तीसमोर गेलेलाच नाही. मला वाटायचं हे दगड बघायला जातात.

एकादशीला पहाटे सगळे चंद्रभागेला निघाले. स्नान, नगरप्रदक्षिणा, कळसाचं दर्शन, तीनेक तासांचा कार्यक्रम. वाळवंटात आमच्या दिंडीची एकवीस गाठोडी, चपलांचा ढीग, एका पिशवीत सगळ्यांचे मोबाइल आणि परतीच्या एसटीचे पैसे. नेहमी ह्यावरनं वाद होतो म्हणे, कारण मागं राहायला कुणीच तयार नसतं, त्याची एकादशी बुडते. ह्यावेळी वाद झाला नाही. सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. डॉक्टर पण त्यांच्याबरोबर गेला, बघून येतो म्हणाला.

बसलो. पाऊस भुरभुरत होता, गाठोड्यांवर प्लॅस्टिक टाकलं, एकदा एक कुत्रं हाकललं. अकराच्या सुमारास मंडळी आली. डॉक्टरचं डोकं ओलं, कपाळावर बुक्का. म्हणलं काय रिपोर्ट? म्हणाला, पेंडिंग.

आजींनी त्यांचं गाठोडं उघडून बघितलं, सगळं जागच्या जागी होतं. मग माझ्या हातावर राजगिऱ्याचा लाडू ठेवला आणि नानांना म्हणाल्या, "दर सालाला एक तरी न मानणारा आणत जा बाबा."